मास्तरीण ते सिस्टर : एका घरातली गोष्ट

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)





समितीनं मला सांगितलं, की आप्पा, तुम्ही यंदा शिक्षणावर बोला. मी म्हणालो, मी सातवी शिकलेला, सूतगिरणीत रिंग खात्यात सायडर म्हणून उभं आयुष्य गेलं. जे वाचलं ते रात्रपाळी करून आल्यावर आणि गाडीत बसल्यावर वाचलं. दुधनी ते सोलापूर या गाडीत माझी निम्मी लायब्ररी वाचून झाली. तेव्हा शिक्षणावर भाषण करण्याचा माझा अधिकार नाही. पण माझ्या घरात शिक्षणावरून एक भांडण झालं, ते सांगायचा अधिकार मला आहे. कारण त्या भांडणात चूक माझी होती.

माझी थोरली मुलगी बी.ए. बी.एड. पेढे वाटले होते आम्ही. बी.एड. झाल्यावर ती एका विनाअनुदानित शाळेत लागली. शाळेचं नाव घेत नाही. आज अनुदान येईल, उद्या येईल, म्हणत सात वर्षं गेली. पगार किती, ते सांगायला आजही लाज वाटते. गिरणीत बदली कामगाराला जास्त मिळत होते. लग्न झालं, एक मूल झालं, जावई रिक्षा चालवतात, चांगला माणूस आहे. पण मास्तरीण म्हणवून घ्यायचं आणि किराणा उधारीवर आणायचा, असं चाललं होतं.

२०१७ साली मी पाळी संपवून येताना मोटारसायकलवरून पडलो आणि मांडीचं हाड मोडलं. सोलापूरला दवाखान्यात पायाला वजन बांधून मला उताणं निजवलं. उठायचं नाही, कुशीवर व्हायचं नाही. सगळं जागेवर. सगळं म्हणजे काय ते तुम्हाला कळलं. पहिल्या दिवशी मी लघवी दाबून धरली, तर पोट नगाऱ्यासारखं झालं. रात्रपाळीची सिस्टर आली, भांडं लावलं आणि म्हणाली, "काका, लाजायचं काम घरी करा, इथं बरं व्हायचं काम करा." माझ्या लेकीपेक्षा लहान असेल. सकाळी मी तिला हात जोडले.

मुलगी माझ्या खाटेपाशी दिवसा बसायची. ती मास्तरीण, तिची नजर शोधक. तिनं बघितलं, की सिस्टर येता-जाता माझ्या पायाचा अंगठा दाबते, सोडते, आणि नखाकडं बघते. मला वाटलं, मायेनं करते. मुलीनं विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, की नख दाबलं की पांढरं होतं, सोडलं की लगेच लाल व्हायला पाहिजे. उशीर लागला तर पायाला रक्त नीट पोचत नाही, लगेच डॉक्टरला सांगावं लागतं. बोटाला बधिरपणा आहे का, मुंग्या येतात का, तेही त्याचसाठी विचारायचं. पाठीखाली हात घालून बघायची, तेही मायेनं नव्हे. एका जागी पडून कातडी लाल झाली आणि तिथं लक्ष दिलं नाही, तर जखम होते आणि ती हाडापर्यंत जाते. मी महिनाभर पडून होतो, पाठीला एक ओरखडा झाला नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या स्वतः परिचारिका. १९७३ साली त्यांच्यावर हल्ला झाला, तेव्हापासून १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोपर्यंत, ४१ वर्षांच्या वर, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. पिढ्या बदलल्या, पण एवढ्या वर्षांत त्यांच्या अंगाला पडून राहण्याची जखम होऊ दिली नाही, असं सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. ते वाचताना मला माझी पाठ आठवली.

मी घरी आलो, काठीवर चालायला लागलो, तेव्हा एक दिवस मुलगी म्हणाली, "आप्पा, मला नर्सिंग करायचंय."

बंधू-भगिनींनो, ज्या हातानं माझी घाण काढली त्या हाताला मी नमस्कार केला होता. आणि पोटच्या पोरीनं तेच काम शिकते म्हटल्यावर मी तोंड फिरवलं. मी म्हणालो, "माझा आजा मेलेली ढोरं ओढायचा. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं सोडा. आपल्या लोकांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसला, पण ते जिणं टाकलं. तुला बी.ए. बी.एड. केलं ते परत लोकांची घाण काढायला?" भाषण म्हणून झकास होतं. सभेत टाळ्या पडल्या असत्या. घरात कुणी टाळी वाजवली नाही.

माझी बायको चुलीपुढं होती. तिला अक्षरओळख आहे, तेवढीच. ती म्हणाली, "तुमच्या आईचं आठ महिनं मी काढलं. हागणं-मुतणं सगळं. तवा तुमाला घाण वाटली न्हाई, कारण काढत मी हुते. पोरीला त्याचा पगार तर मिळंल."

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

मग मी वाचायला बसलो. माझा तोच एक धंदा. विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे, आपल्यापैकी अनेकांनी तो भन्तेजींकडून ऐकला असेल. अतिसारानं आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला भगवंतांना दिसला. जवळ कोणी नाही. का नाही, म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, मी संघाच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं. भगवंतांनी पाणी ओतलं, आनंदानं धुतलं, आणि एकानं डोक्याकडून, एकानं पायाकडून धरून त्याला मंचकावर निजवलं. हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच्या पुढचं मी कधी नीट वाचलं नव्हतं. रुग्णाची सेवा करायला लायक कोण, त्याचे पाच गुण तिथं सांगितले आहेत. औषध तयार करता आलं पाहिजे. पथ्य काय, कुपथ्य काय, हे कळलं पाहिजे, आणि कुपथ्य दूर ठेवून पथ्याचं तेच जवळ आणलं पाहिजे. सेवा लोभानं नव्हे, मैत्रीनं केली पाहिजे. मलमूत्र, थुंकी, ओकारी उचलताना किळस येता कामा नये. आणि रोग्याला वेळोवेळी धम्माच्या बोलण्यानं धीर देता आला पाहिजे. बघा, यात औषधाची माहिती पहिली आहे, घाण चौथी आहे. मी मात्र चौथ्या नंबरवरच अडकून बसलो होतो.

माझ्या आज्याच्या कामात आणि या कामात फरक कुठं आहे, तो मला तिथं सापडला. आज्याला ते काम जन्मावरून लादलं होतं, त्याला त्यातलं ज्ञान कुणी दिलं नाही, मोबदला म्हणून शिळं दिलं, आणि काम केलं म्हणून त्यालाच बाटगा ठरवलं. इथं परीक्षा आहे, कौन्सिलकडं नोंदणी आहे, पगार आहे, आणि नको वाटलं तर सोडायची मोकळीक आहे. तरी एक सांगतो, माझी शंका सगळी गेलेली नाही. वॉर्डातली फरशी पुसणारा, भांडी धुणारा कोण असतो, त्याचं आडनाव विचारून बघा. तो प्रश्न सिस्टरच्या पांढऱ्या कपड्यानं सुटलेला नाही.

गंमत अशी, की वरच्या घरांतही एकेकाळी हाच वाद झाला होता, उलट्या बाजूनं. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदननं, ते १९०९ साली सुरू झालं, बायकांना, त्यात विधवाही होत्या, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. तेव्हा घराघरांत आडकाठी, की परक्या माणसाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या रोग्याला शिवायचं, म्हणजे विटाळ. त्यांना विटाळ होण्याची भीती, आणि मला जुना विटाळ परत चिकटण्याची. दोघांच्या डोक्यात भूत एकच.

आणि आपल्याला तर लांब जायलाच नको. सावित्रीमाई कोण? शिक्षिका. आयुष्यभर शिकवलं. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा वय ६६. मुलगा डॉक्टर यशवंत, त्याला बोलावून पुण्याबाहेर दवाखाना काढला आणि स्वतः रोगी आणायला लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन आल्या, त्यात त्यांनाच प्लेग लागला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आपण ३ जानेवारीला त्यांचा फोटो शिक्षिका म्हणून लावतो. मुलीनं मला भिंतीवरचा तोच फोटो दाखवला आणि म्हणाली, "आप्पा, या पण मास्तरीणच होत्या." त्यावर मी काय बोलणार?

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. १९३८ ला चीनला गेले, १९४२ ला तिथंच वारले, त्यांच्यावर सिनेमा निघाला. त्यांची पत्नी क्वो छिंगलान नर्सिंग शिकवत होत्या, हे सोलापुरात किती जणांना माहीत आहे? डॉक्टरचा पुतळा होतो. असो.

आता व्यवहाराचं बोलतो, कारण इथं बसलेल्या तीन-चार लेकी-सुनांनी मला आधीच विचारून ठेवलं आहे.

एक पदवी झाल्यावर नर्सिंगला यायचं, तर अमेरिकेत अशा माणसांसाठी वेगळा वर्ष-दीड वर्षाचा अभ्यासक्रम असतो, आधीची पदवी जमेला धरतात. आपल्याकडं तसं नाही. तुम्ही बी.ए. असा की एम.ए., बारावीच्या पोरींबरोबर पहिल्या बाकावरनं सुरुवात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं, सीईटी लागते. माझ्या मुलीची बारावी आर्ट्सची, म्हणजे ते दार बंद. जी.एन.एम. तीन वर्षांचं, त्याला आर्ट्सवाल्यांनाही येता येतं, बारावीला इंग्रजी पाहिजे. ए.एन.एम. दोन वर्षांचं, ते फक्त स्त्रियांना. या दोन्हींना वयाची अट वरची ३५ आहे. मुलगी तेव्हा ३१ ची होती. मी तोंड फिरवून आणखी चार वर्षं बसलो असतो तर तेही दार लागलं असतं. जी.एन.एम. झाल्यावर पुढं दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी घेता येते. म्हणजे दुसरी पदवी मिळते, पण वळसा घालून.

मुलगी २०१८ ला गेली. नातू आमच्याकडं राहिला. सोलापूरला गाडीनं ये-जा करून हे शिक्षण होत नाही. वॉर्डाची ड्युटी असते, रात्रपाळी असते, हॉस्टेलवर राहावंच लागतं. वर्गात १८ वर्षांच्या पोरी तिला "मॅडम" म्हणायच्या, ती रडायची. शरीररचना इंग्रजीतनं, रात्री फोनवर मला हाडांची नावं म्हणून दाखवायची. मी कशाला दुरुस्त करणार! पण मानसशास्त्र आणि समाजशास्त्र पहिल्या वर्षाला होतं, ते तिला बी.ए.मुळं सोपं गेलं. आणि शिकवायची सवय कामाला आली. मधुमेहाच्या बाईला इन्सुलिनची सुई कशी टोचायची हे समजावणं आणि तिसरीच्या पोराला हातचा समजावणं, यात फार फरक नाही म्हणते ती.

शेवटच्या वर्षी कोरोना. दोन महिने आम्ही तिला पाहिलं नाही. त्या दिवसांबद्दल ती बोलत नाही, मीही विचारत नाही.

एक गोष्ट मात्र ती हसून सांगते. आपल्या दुधनीची माणसं घरात मराठी, बाजारात कन्नड. आपण त्याला शिक्षण समजत नाही. वॉर्डात एक म्हातारी सारखी "एदी उरीतद, एदी उरीतद" म्हणत होती. डॉक्टर विदर्भातले, त्यांना वाटलं नाव सांगते. मुलगी म्हणाली, "सर, छातीत आग होतेय म्हणते." तेव्हा लगेच छातीची पट्टी काढली.

आज ती कंत्राटी सिस्टर आहे. कंत्राटी हा शब्द मी मुद्दाम म्हणतो. गिरणीत बदली, शाळेत विनाअनुदानित, दवाखान्यात कंत्राटी, नाव बदलतं. कायम होण्यासाठी लढावं लागेल, ती संघटनेत आहे, वर्गणी भरते, ती माझी लेक आहे. पण किराणा रोखीनं येतो.

फसू नका, हे मात्र हात जोडून सांगतो. आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं सहा महिन्यांत नर्स, अशा बोर्डाला भुलून पैसे भरले. हातात नुसतं रंगीत सर्टिफिकेट आलं, त्यावर नोंदणी होत नाही. पैसे भरायच्या आधी त्या संस्थेला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल यांची मान्यता आहे का, हे बघा. दुसरं, शिष्यवृत्ती. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एकाच पातळीचं शिक्षण दुसऱ्यांदा घेणाऱ्याला, म्हणजे बी.ए. झाल्यावर परत बी.कॉम.ला, ती मिळत नाही असा नियम आहे. तेव्हा आधीची पदवी असलेल्यांनी आपल्या बाबतीत काय लागू होतं, ते समाज कल्याण कार्यालयात आधी विचारून घ्या, आणि तोंडी नव्हे, लेखी घ्या. तिसरं, मधली वर्षं कुठं होता त्याचं गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. जात पडताळणीला महिने जातात, ती आजच टाका.

दर रविवारी वंदना झाल्यावर मी इथं विहारात तासभर बसेन, अर्ज भरून देईन. येताना बारावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन या. सासूबाईंना किंवा बापाला समजवायचं असेल तर त्यांनाही आणा. बापांशी मी बोलतो.

जयभीम. नमो बुद्धाय.