कुत्र्याचे केस जातात तेव्हां

गेल्या पावसाळ्यांत एक गृहस्थ चार महिन्यांचें पिलूं पोत्यांत घालून माझ्याकडे घेऊन आले. पिलाच्या डोळ्याभोंवतीं व पुढच्या पायावर रुपयाएवढे दोन चट्टे पडले होते; तेथें केसाचें नांव नव्हतें. "डॉक्टरसाहेब, याला लूत लागली. घरांत लहान मूल आहे. कोठें सोडून देऊं तेवढें सांगा," असें ते म्हणाले. आणि पोतें कशाला, तर पिलाच्या सर्वांगाला मोटारीचें जळकें तेल चोपडलेलें होतें!

कुत्र्याचे केस गेले कीं लूत, आणि लूत म्हटली कीं कुत्रें घराबाहेर, असा आपल्याकडे रिवाज आहे. वस्तुतः या एका नांवाखालीं निरनिराळे विकार मोडतात, आणि त्यांतले थोडेच माणसाला लागतात.

या पिलाला खाज मुळींच नव्हती. चट्ट्याची कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली, तों केसांच्या मुळांत राहणारे डेमोडेक्स नांवाचे लांबट किडे दिसले. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत, आईला पितांना, ते पिलाच्या अंगावर येतात. बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर ते थोडे असतातच. प्रतिकारशक्ति उणी पडली म्हणजे माजतात. माणसाला ते लागत नाहींत. एखाददुसरा चट्टा बहुधा कांहीं आठवड्यांत आपोआप भरून येतो. सर्वांगभर पसरले तर मात्र औषध हवें.

सार्कोप्टीस हा किडा निराळा. माणसाला खरूज आणणाऱ्या किड्याचा हा भाऊबंद. तो कातडींत बोगदे खणतो. कुत्रें रात्रंदिवस खाजवितें, कानांच्या कडांवर व कोपरांवर खपल्या धरतात. कानाची कड दोन बोटांत धरून चोळली, तर अशा कुत्र्याचा मागचा पाय पुष्कळदां आपोआप हलूं लागतो. हा किडा माणसाच्या अंगावर आला तर पुरळ उठतो. परंतु तेथें त्याचा वंश टिकत नाहीं. मुलांच्या दृष्टीनें अधिक जपावें तें गजकर्णाला. ती बुरशी आहे. वाटोळा चट्टा, तुटके केस, वर कोंडा. असें दिसलें तर उपचार पुरा होईपर्यंत मुलांना दूर ठेवावें.

शेपटीच्या मुळाशीं केस गेले तर आधीं पिसवा शोधाव्या. दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ झाले, खाज नाहीं, कुत्रें सुस्त व स्थूल झालें, तर दोष कातडींत नसून थायरॉईड ग्रंथींत असूं शकतो. तेथें मलम काय करणार?

आतां औषधाविषयीं. कुत्रें अंग चाटतें, हें आपण विसरतों. जळकें तेल, रॉकेल, फिनेल, जें जें लावाल तें तें त्याच्या पोटांत जातें. माणसाचें स्टेरॉईडयुक्त मलम लावलें तर खाज थांबल्यासारखी वाटते आणि डेमोडेक्स उलट फोफावतो. आयव्हरमेक्टिनहि मनानें देऊं नये; कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांना तें जिवावर बेततें. हल्लीं या दोन्ही किड्यांवर फ्लुरलानरसारख्या पोटांत घेण्याच्या गोळ्या निघाल्या आहेत. त्या वजन पाहून गुरांच्या डॉक्टरांनींच द्याव्या. अंथरूण गरम पाण्यांत धुवावें. घरांत दुसरें कुत्रें असेल तर तेंहि तपासून घ्यावें.

तें पिलूं दीड महिन्यानें पुन्हां आलें, तें घरच्या मुलीच्या कडेवर बसून. चट्ट्यांच्या जागीं मऊ लव आली होती. किड्यांसाठीं मीं त्याला कांहींहि दिलें नव्हतें. तेल धुऊन काढण्यांत मात्र तीन दिवस गेले होते.