सांस्कृतिक केंद्र कुणाचं?

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मारहाण, पोटगी, रेशन हे सगळं सोडून ही बाई इमारतीच्या नकाशावर काय बोलणार, असं काहीजणींना वाटलं असेल. पण नवी मुंबईच्या नव्याने वसणाऱ्या भागात काम करताना मला दिसलं, की आपले निम्मे प्रश्न 'बसायचं कुठे?' इथेच अडतात.

आधी आमची एक चूक कबूल करते. सल्ला केंद्र सुरू केलं तेव्हा आम्ही मुख्य रस्त्यावर गाळा घेतला आणि ठळक पाटी लावली, 'पीडित महिला सल्ला केंद्र'. पहिले काही महिने आम्ही नुसत्या बसून असायचो. एकदा बाजारात भेटलेली बाई हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या पायरीवर पाय ठेवला की संध्याकाळपर्यंत सासूला कळतं." पुढे भाडं परवडेना म्हणून एका बालवाडीमागच्या खोलीत गेलो. शेजारी शिवणवर्ग, वर वाचनालय. आणि बाया येऊ लागल्या. कुणी मुलाला सोडायला आलेली, कुणी पुस्तक बदलायला. तासभर बसायच्या, बोलायच्या. घरी विचारलं तर उत्तर तयार असायचं.

मिश्र वापराच्या इमारतीचा अर्थ मला तिथे कळला. नकाशा काढणारे म्हणतात, खाली दुकानं ठेवा, त्यांच्या भाड्यावर वरचा हॉल चालेल. हिशेब खोटा नाही. पण आपल्यासाठी मिश्र वापर म्हणजे निमित्त. पुरुष नाक्यावर नुसता उभा राहू शकतो. बाईला घराबाहेर पडायला हातात पिशवी लागते. गिरणी, बालवाडी, वाचनालय, दवाखाना एका छताखाली असले की तिला चार निमित्तं मिळतात, आणि पाचवं काम ती कुणाला न सांगता करून येते.

नवी मुंबईची कल्पना १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकात मांडली गेली. चार्ल्स कोरिया आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर ती मांडणाऱ्यांत प्रवीणा मेहता ही वास्तुरचनाकार बाई होती, हे आपल्यात कितीजणींना ठाऊक आहे? पुढे १९७० पासून ९५ गावांच्या जमिनी संपादित करण्याचं ठरलं. त्यासाठी लोक लढले, १९८४ साली गोळीबारात पाच जणांनी जीव गमावला. मोबदल्याची चर्चा झाली ती सातबाऱ्यावरच्या जमिनीची. पण बायांचा पाणवठा, खळं, अंगण यांचा सातबारा कधीच नव्हता. त्यांचा मोबदला कोण मागणार?

आगरी-कोळी लग्नात धवलारीण धवळे गाते. एकेका विधीचं गाणं तिला तोंडपाठ असतं. ती रंगमंचावर गात नाही, मांडवात बायांमध्ये बसून गाते. आता लग्न हॉलमध्ये, डीजेच्या भिंतीसमोर. तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार? सांस्कृतिक केंद्र म्हणजे पडदा, विंग आणि खुर्च्यांच्या रांगा एवढंच धरलं, तर आपली बरीचशी संस्कृती दाराबाहेर राहते. कोरियांनी १९८० च्या दशकात बेलापूरच्या वसाहतीत सात-सात घरांमध्ये एक अंगण ठेवलं होतं. तसं अंगण केंद्रातही हवं.

ब्राझीलच्या साव पावलो शहरात लीना बो बार्दी या वास्तुरचनाकार बाईला एका जुन्या, पिंपं बनवणाऱ्या कारखान्याच्या जागी असं केंद्र करायचं होतं. पाहायला गेली तर सुट्टीच्या दिवशी तिथे मुलं खेळत होती, आया खाणं करत होत्या, म्हातारी माणसं बसली होती. तिने कारखाना पाडला नाही. आत वाचनालय, नाट्यगृह, कार्यशाळा, उपाहारगृह बसवलं. १९८२ साली ते खुलं झालं. आधी पाहिलं, मग आखलं, एवढंच त्यातून मी घेते.

आमच्या भागातल्या एका भूखंडावर असं केंद्र व्हावं म्हणून आम्ही बायांच्या बैठका घेतल्या. मी तावातावाने लग्नाच्या हॉलविरुद्ध बोलत होते, तर एक मावशी म्हणाल्या, "बैठकीला आम्ही झाडाखाली बसू गं, पण पोरीच्या लग्नाला स्वस्तात हॉल मिळू दे." मी गप्प झाले. त्यांचं खरं होतं. मग सगळ्यांनी मिळून तोड काढली. हॉल राहू दे, पण त्याचा जिना वेगळा. लग्न असलं तरी पाळणाघर, वाचनालय, सल्ल्याची खोली बंद होणार नाही. सल्ल्याच्या खोलीला बाहेर पाटी नको, आणि ती निर्जन टोकालाही नको. तिची वाट वाचनालयातून. संडास तळमजल्यावर, उजेडात, कुलूप न लावलेले. दुकानांत गिरणी आणि बचत गटाची खानावळ, म्हणजे रात्री शेवटची बस येईपर्यंत दिवे असतील. दुपारी दोन ते चार अंगण बायांचं, रात्री भजनी मंडळाचं. धुणीभांडी करणाऱ्या बाया म्हणाल्या, आम्हाला दुपारी सुट्टी कुठे? म्हणून रविवारची सकाळ त्यांची.

हे सगळं तोंडी कबूल होतं आणि उद्घाटनानंतर विसरलं जातं. म्हणून ते कागदावर यायला हवं. २०१८ साली मंजूर झालेल्या मुंबईच्या विकास आराखड्यात आधार केंद्रं आणि नोकरदार महिलांसाठी वसतिगृहं यांची तरतूद झाली, ती महिला संघटनांनी हरकती-सूचना लिहिल्या, पाठपुरावा केला म्हणून. पण तरतूद झाली म्हणजे इमारत उभी राहिली असं नाही, आणि इमारत उभी राहिली म्हणजे दार उघडलं असंही नाही.

तेव्हा आपापल्या गावी गेलात की नव्या वसाहतीचा नकाशा मागा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. बालवाडी कुठे, जिना कुठे, संडास कुठे, दिवा कुठे, एवढं विचारा. भाड्याचे दर आणि वेळापत्रक नकाशाबरोबरच ठरवून घ्या. व्यवस्थापन समितीत निम्म्या बाया मागा. आणि शेवटी विचारा, किल्ली कुणाकडे राहणार? उत्तर 'साहेबांकडे' असं आलं, तर आपलं काम अजून संपलेलं नाही.