कोलोनची खिडकी



‘तू आयटीवर बोल’ असा आग्रह होता. पण आयटीवाले या मांडवात निदान वीसजण असतील. म्हणून मी एका चर्चच्या खिडकीवर बोलते. कॉम्प्युटर तिथेही येतोच.

जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये १२६० च्या सुमाराची एक रंगीत काचांची खिडकी आहे. बायबलच्या जुन्या करारातला एक प्रसंग आणि शेजारी नव्या करारातला, अशा तिच्यात जोड्या आहेत. अशा जोड्या लावायची जुनीच पद्धत. योना तीन दिवसांनी माशाच्या पोटातून बाहेर आला, तर त्याच्याशी जोडी येशूच्या तिसऱ्या दिवशीच्या पुनरुत्थानाची. एक गोष्ट दुसरीची खूण. पण खरं मोठं प्रतीक प्रकाशाचं. काचेला तडाही न जाता ऊन आत येतं. कुमारी मरियेच्या मातृत्वासाठी मध्ययुगात हीच उपमा देत.

दक्षिणेकडची मोठी खिडकी दुसऱ्या महायुद्धात गेली. तिच्या जागी पुढे विसाव्या शतकातले हुतात्मे दाखवायचं मनात होतं. त्यांत माक्सिमिलियान कोल्बे आणि एडिथ स्टाइन, दोघेही आउशवित्झमध्ये मारले गेलेले. स्टाइनबाई तर कोलोनच्याच मठात राहिलेल्या. चित्रकार गेरहार्ड रिख्टर यांनी काम मानधन न घेता केलं, पण चेहरे काढलेच नाहीत. ७२ रंग, ९.६ सेंटिमीटरचे अकरा हजारांवर चौकोन, आणि कुठला रंग कुठे हे ठरवलं कॉम्प्युटरच्या रँडम आकड्यांनी. काही पट्टे तेवढे एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. (त्यांचं १९७४ चं एक चित्र ४०९६ रंगांचं आहे. दोनचा बारावा घात! आपल्या गणिताच्या तासाला हे उदाहरण हवं होतं.)

ऑगस्ट २००७ मध्ये खिडकी खुली झाली. कार्डिनल माइस्नर आले नाहीत. ती मशिदीत शोभेल, असं त्यांचं म्हणणं. हे मला पटत नाही. मशिदीतली नक्षी काटेकोर नियमाने चालते, एका तुकड्यावरून पुढचा सांगता येतो. इथे तो सांगता येत नाही, यातच सगळं आलं.

पण खिडकीत आपली श्रद्धा स्पष्ट दिसावी, ही त्यांची दुसरी तक्रार मला सहज झटकता येत नाही. काचेत स्टाइनबाईंचा चेहरा असता तर पन्नास वर्षांनी एखाद्या मुलीने आईला विचारलं असतं, ‘ही कोण गं?’ चौकोनांना पाहून तसं कुणी विचारणार नाही. ही किंमत मोजलेली आहे, आणि ती लहान नाही.

तरीही मी रिख्टर यांच्याच बाजूची. ऊन आलं की ते रंग खांबांवर, फरशीवर, खाली उभ्या माणसांच्या तोंडावर पडतात. कॅथलिक कोण, नुसता बघ्या कोण, हे ऊन विचारत नाही. ढग आला की सगळं पुसतं. जुनं प्रकाशाचं प्रतीक इथे चित्राच्या आधाराशिवाय उभं आहे.

कुणी तिकडे गेलात तर ऊन असलेला दिवस बघून जा. आणि १२६० ची खिडकी चुकवू नका, ती पूर्वेच्या टोकाला मधल्या चॅपलमध्ये आहे.