दोन मुलांची आई आणि चार सुवर्णपदके

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महिला शाखेच्या विद्यमाने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महिला शाखेने मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मी एखाद्या संतकवयित्रीवर किंवा समाजसेविकेवर बोलेन अशी कित्येकांची अपेक्षा असावी. ते विषय थोर आहेत, आणि त्यांवर बोलणारे अधिकारी वक्ते आपल्या ज्ञातीत आहेत. मी मात्र आज हॉलंड देशातील एका धावणाऱ्या बाईची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. तिला निमित्त झाली आपल्याच क्रीडादिनाची कार्यक्रमपत्रिका. सोळा वर्षांच्या आतील मुलींसाठी तीत धावण्याच्या शर्यती आहेत. त्यापुढील वयाच्या भगिनींसाठी संगीतखुर्ची आणि लिंबू-चमचा आहे. लग्न झाले की बाईचे पाय जणू चमच्यातील लिंबू सांभाळण्यापुरतेच उरतात, असा या पत्रिकेचा अर्थ होतो. तो अर्थ खरा की खोटा, हे पाहण्यासाठी या बाईंचे चरित्र फार उपयोगी पडेल.

त्यांचे नाव फॅनी ब्लँकर्स-कून. आपण त्यांना आपल्या रीतीने फॅनीबाईच म्हणू. त्यांचा जन्म २६ एप्रिल १९१८ रोजी शेतकऱ्याच्या घरी झाला. पाठीशी भावांचा मेळा होता, आणि वडिलांनाही गोळाफेक-थाळीफेकीची आवड होती. पोहणे, टेनिस, बर्फावरील घसरखेळ, जे दिसेल ते ही मुलगी करून पाही. पोहण्याच्या शिक्षकाने तिला सल्ला दिला की, हॉलंडमध्ये उत्तम जलतरणपटू मुली पुष्कळ आहेत, तेव्हा तू धावण्याकडे वळ. १९३५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ८०० मीटरच्या शर्यतीत तिने राष्ट्रीय विक्रम केला.

परंतु ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी त्या वेळी ८०० मीटरची शर्यतच नव्हती. १९२८ साली ॲमस्टरडॅम येथे ती एकदा ठेवण्यात आली, शर्यतीच्या शेवटी काही मुली दमून पडल्या, त्याच्या अतिरंजित बातम्या वर्तमानपत्रांनी छापल्या, आणि स्त्रीदेहाला हे श्रम झेपत नाहीत असा निर्णय देऊन ती रद्द झाली. १९६० सालापर्यंत ती परत आली नाही. (शर्यत संपल्यावर दमून पडणारे पुरुष तर सर्वांनी पाहिले होते, पण त्यांच्या शर्यती कुणी बंद केल्याचे मला आढळले नाही.) त्यामुळे फॅनीबाईंना थोड्या अंतराच्या वेगवान शर्यतींकडे आणि उड्यांकडे वळावे लागले.

त्यांचे शिक्षक यान ब्लँकर्स हे स्वतः तिहेरी उडीचे खेळाडू होते आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये उतरले होते. हे गृहस्थ क्रीडाविषयक लेखनही करीत, आणि स्त्रियांनी मैदानी स्पर्धांत पडू नये असे त्यांचे पूर्वीचे मत होते. या मुलीची धाव पाहून त्यांनी ते मत सोडले. पुढे २९ ऑगस्ट १९४० रोजी दोघांचा विवाह झाला. मत बदलण्याची अशी तऱ्हा सर्वांनाच जमेल असे नाही!

१९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये अठरा वर्षांच्या फॅनीबाई उंच उडीत सहाव्या स्थानावर बरोबरीत आल्या आणि रिले शर्यतीत त्यांचा संघ पाचवा आला. तेथून त्यांनी जेसी ओवेन्स यांची स्वाक्षरी आणली आणि ती जन्मभर जपली. त्यानंतरचे ऑलिंपिक १९४० साली व्हावयाचे होते. महायुद्धामुळे ते झाले नाही. १९४४ चेही झाले नाही. १० मे १९४० रोजी जर्मन सैन्य हॉलंडमध्ये शिरले होते. खेळाडूच्या आयुष्यातील बावीस ते सव्वीस ही वर्षे म्हणजे शेतातील भर पावसाळ्याचे दिवस. ते सारे असे कोरडे गेले.

याच काळात पहिला मुलगा झाला. बाईंची धाव आता संपली, असे डच वृत्तपत्रांनी गृहीत धरले. विवाहित स्त्री स्पर्धेत दिसणे दुर्मीळ, आणि आई झालेली स्त्री दिसणे तर अकल्पित. फॅनीबाई मात्र काही आठवड्यांतच सरावाला लागल्या. १९४३ साली त्यांनी उंच उडीचा जागतिक विक्रम एकदम पाच सेंटिमीटरने वाढवून १.७१ मीटरवर नेला. त्याच वर्षी लांब उडीत त्यांनी ६.२५ मीटर अंतर तोडले. तो विक्रम १९५४ पर्यंत टिकला. देश परक्यांच्या टाचेखाली, बाजारात अन्नाची टंचाई, घरात तान्हे मूल, आणि ही बाई मोकळ्या मैदानात उड्या मारीत होती. युद्ध संपल्यावर कन्या झाली. ती तान्ही असतानाच १९४६ च्या ओस्लो येथील युरोपीय स्पर्धेत बाई उतरल्या. १०० मीटरच्या उपान्त्य शर्यतीत पडून गुडघे खरचटले. तरी अडथळ्यांची शर्यत आणि रिले त्यांनी जिंकल्या.

सरावाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण भगिनींची पहिली शंका हीच असते की, एवढा वेळ आणावा कोठून? फॅनीबाई आठवड्यातून साधारण दोनदा सराव करीत. मुलांना बरोबर मैदानावर नेत. मूल मैदानाच्या कडेला, आई धावपट्टीवर, यजमान हातात घड्याळ घेऊन उभे. उरलेला वेळ स्वयंपाक, धुणे, शिवण यांत जाई. आजच्या खेळाडूंना दोन वेळचा सराव हा रोजचाच हिशेब आहे, आणि तेवढ्यावर आज कुणी ऑलिंपिक जिंकू शकणार नाही हे मी जाणतो. पण मुद्दा जिंकण्याच्या आधीचा आहे. धावणे चालू राहावे एवढ्यासाठी आठवड्याचे दोन दिवस, आणि त्या दिवशी घड्याळ व मूल सांभाळणारा घरचा माणूस, इतकेच लागते.

आता १९४८ सालच्या लंडनकडे येऊ. फॅनीबाईंचे वय तीस. ब्रिटिश संघाच्या व्यवस्थापकाने त्यांचे वय फार झाले आहे असे बोलून दाखविले. मायदेशातूनही पत्रे आली : बाईने घरी राहून मुलांकडे पाहावे, आखूड चड्डी घालून लोकांसमोर धावू नये. यान ब्लँकर्स मोठे धूर्त शिक्षक. “तुझे वय झाले आहे” हे वाक्य ते स्वतःच पत्नीला डिवचण्यासाठी वापरीत. प्रोत्साहनाचे शंभर शब्द जे करीत नाहीत, ते असा एक टोमणा करतो. हा अनुभव येथे बसलेल्या सुनांना अपरिचित नसावा.

त्या काळच्या नियमाप्रमाणे एका खेळाडूला तीनच वैयक्तिक स्पर्धांत भाग घेता येई. म्हणून उंच उडी आणि लांब उडी, ज्यांचे जागतिक विक्रम त्यांच्याच नावावर होते, त्या दोन्ही फॅनीबाईंनी सोडल्या. लंडनला उंच उडी १.६८ मीटरवर जिंकली गेली आणि लांब उडी ५.६९ मीटरवर. त्यांच्या विक्रमांचे आकडे मी आताच सांगितले आहेत. वजाबाकी श्रोत्यांनी करावी.

वेम्बलीच्या मैदानावर पाऊस पडून धावपट्टीचा चिखल झाला होता. २ ऑगस्ट रोजी १०० मीटरची अंतिम शर्यत त्यांनी ११.९ सेकंदांत जिंकली. दुसऱ्या आलेल्या डोरोथी मॅन्ली यांना १२.२ सेकंद लागले. ऑलिंपिकच्या धावण्या-उड्यांत हॉलंडला मिळालेले हे पहिले सुवर्णपदक. दोन दिवसांनी ८० मीटर अडथळ्यांची शर्यत झाली. सुरुवात बिघडली, एका अडथळ्याला धक्का बसून तोल गेला, आणि शेवटी इंग्लंडच्या मॉरीन गार्डनर आणि फॅनीबाई जवळजवळ एकदमच रेषेवर आल्या. निकाल छायाचित्रावरून ठरावयाचा होता. इतक्यात बँडवर ब्रिटिश राष्ट्रगीत वाजू लागले. फॅनीबाईंना वाटले, गार्डनर जिंकली. वस्तुतः राजघराण्यातील मंडळी मैदानात येत होती, त्यांच्या मानार्थ ते गीत होते! फलकावर निकाल लागला तेव्हा पहिले नाव फॅनीबाईंचे होते. दोघींनाही वेळ ११.२ सेकंदच लागला होता.

यानंतर जे घडले ते मला पदकांहून महत्त्वाचे वाटते. दोन सुवर्णपदके मिळाल्यावर फॅनीबाई कोसळल्या. २०० मीटरची शर्यत स्त्रियांसाठी ऑलिंपिकमध्ये त्या वर्षी प्रथमच ठेवली होती, आणि तिच्या उपान्त्य फेरीपूर्वी त्या रडू लागल्या. मुलांची आठवण येत होती, वर्तमानपत्रांचा भार वाटत होता. आता शर्यत नको, घरी जावयाचे, असे त्या म्हणू लागल्या. स्पर्धेतील पुरुषाला असे होतच नाही असे नाही, पण त्याच्या रडण्याला कुणी “घराची ओढ” असे नाव देत नाही. यान यांनी त्यांना मनसोक्त रडू दिले आणि मग समजावले. ६ ऑगस्ट रोजी त्या धावल्या आणि सात दशांश सेकंदांच्या फरकाने जिंकल्या. अशा शर्यतीत हा फरक म्हणजे नजरेत भरणारे अंतर असते.

राहिली रिले. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : चार खेळाडू प्रत्येकी १०० मीटर धावतात आणि एक आखूड दांडी हातोहात पुढे देतात. देणारी पूर्ण वेगात असते आणि घेणारीने मागे न पाहता वेग घ्यावयाचा असतो. त्या काळी ही देवघेव वीस मीटरच्या पट्ट्यात पुरी व्हावी लागे. पट्ट्याबाहेर झाली तर संघ बाद. म्हणून रिले म्हणजे चार वेगांची बेरीज नव्हे. चौघींची गाठ पडेल तेथेच शर्यत जिंकली किंवा हरली जाते. डच संघात झेनिया स्टाड-द यॉंग, नेटी वित्सिएर्स-टिमर, गेर्डा फान डेर काडे-कौडाइस आणि शेवटच्या टप्प्याला फॅनीबाई, अशी योजना होती. अंतिम शर्यतीची वेळ आली तरी फॅनीबाईंचा पत्ता नाही. त्या रेनकोट खरेदी करावयास दुकानात गेल्या होत्या! ऐनवेळी पोहोचल्या. त्यांच्या हाती दांडी आली तेव्हा हॉलंड मागे होते. शेवटच्या काही पावलांत त्यांनी ऑस्ट्रेलियाला गाठले आणि ४७.५ सेकंदांत शर्यत जिंकली. ऑस्ट्रेलियाची वेळ ४७.६. आठ दिवसांत अकरा वेळा धावून अकराही वेळा ही बाई पहिली आली.

वर्तमानपत्रांनी त्यांना “उडती गृहिणी” हे नाव दिले. जगाला हे नाव फार आवडले. मला ते अर्धेच पटते. पुरुष विजेत्याला कुणी “उडता गृहस्थ” म्हणत नाही. बाईचा विजय मात्र घराच्या उंबरठ्यावर आणून ठेवल्याखेरीज लोकांना पचत नाही. ॲमस्टरडॅममध्ये चार घोड्यांच्या गाडीतून त्यांची मिरवणूक निघाली, आणि नगरीने भेट म्हणून सायकल दिली, म्हणजे पुढे इतके धावावे लागू नये! एवढा गाजावाजा कशासाठी, मी तर फक्त वेगाने धावले, असे त्यांनी म्हटल्याचे सांगतात. घरातील चित्र नेहमी गोडच होते असेही नाही. त्यांच्या चरित्रकाराने २००३ साली त्यांची जिंकण्याची तहान आणि हट्टी स्वभाव यांचेही वर्णन केले आहे. ते वाचून मला त्या अधिक जवळच्या वाटल्या. विजेत्या आईने देवीच असले पाहिजे, हा हट्ट आपला आहे, त्यांचा नव्हे.

१९५० साली ब्रुसेल्सच्या युरोपीय स्पर्धेत त्यांनी तीन सुवर्णपदके जिंकली. १९५२ च्या हेल्सिंकी ऑलिंपिकला त्या चौतीस वर्षांच्या होत्या. गळवांनी त्रस्त होत्या. अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत सुरुवातीचेच अडथळे पाडून त्या थांबल्या. त्याच हेल्सिंकीत भारताच्या नीलिमा घोष आणि मेरी डिसोझा या दोघी धावल्या. ऑलिंपिकच्या मैदानी स्पर्धांत उतरलेल्या या पहिल्या भारतीय स्त्रिया. मेरी डिसोझा मुंबईच्या, वांद्र्याच्या, गोमंतकीय घराण्यातील. प्रवासखर्चासाठी त्यांच्या मित्रमंडळींना निधी जमवावा लागला होता. १९५४ साली मनिला येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि क्रिस्टीन ब्राउन यांच्यासह रिलेचे सुवर्णपदक जिंकले. आपल्या शाळांतील किती मुलींना ही चार नावे सांगता येतील, हे शिक्षकसभासदांनी एकदा पाहावे.

फॅनीबाईंनी १९५५ साली निवृत्ती घेतली, तोवर त्यांच्या नावावर अठ्ठावन्न राष्ट्रीय विजेतेपदे जमली होती. पुढे त्यांनी डच संघाचे नेतृत्व सांभाळले. १९९९ साली मोनॅको येथे जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने त्यांना शतकातील सर्वश्रेष्ठ स्त्री-खेळाडू म्हणून गौरविले, तेव्हा त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटले. २५ जानेवारी २००४ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता एक लहानशी विनंती, आणि ती लेखी स्वरूपात मी चिटणीसांकडे दिलीही आहे. येत्या क्रीडादिनी सोळा वर्षांवरील सर्व स्त्रियांसाठी, विवाहित असोत वा अविवाहित, १०० मीटरची एक खुली शर्यत ठेवावी. शिवाय चौघींची एक रिले ठेवावी. तिच्यात किमान दोघी विवाहित असाव्यात. रिलेचा सराव आठवड्यातून दोनदा, रविवारी आणि बुधवारी, शाळेच्या मैदानावर व्हावा. सरावाच्या वेळी मुले सांभाळण्याचे काम पुरुष सभासदांनी आळीपाळीने करावे. त्यासाठी नावे नोंदविण्याची वही सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवली आहे. पहिले नाव माझे आहे. संगीतखुर्ची बंद करा असे मी म्हणत नाही. ती पुरुषांसाठीही ठेवता येईल.