अभ्यास गटातलं पुढारपण



गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की वाटेत मेंढा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव लागतं. शेजारच्या लेखा गावामुळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावची घोषणा पुष्कळांनी ऐकली असेल. घोषणा फक्कड आहे, त्यामुळे ती गाजली. गावाची खरी करामत मात्र तिथल्या अभ्यास गटात आहे आणि त्याची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली.

गोष्ट १९८०च्या दशकातली. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांच्या विरोधात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं, त्यात मेंढ्याचे लोक उतरले. देवाजी तोफा हे गावातले कार्यकर्ते आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची गाठ पडली ती याच धामधुमीच्या काळात. आंदोलनात माणूस घोषणा द्यायला शिकतो. मोर्चा संपल्यावर घरी जाऊन काय करायचं, हे तिथे कुणी शिकवत नाही. मेंढ्याच्या लोकांनी ते आपलं आपण शिकायचं ठरवलं. ज्यांना एखाद्या प्रश्नात रस आहे त्यांनी जमायचं, बोलायचं, वाचायचं, गरज पडली तर बाहेरचा जाणकार बोलवायचा. याला नाव मिळालं अभ्यास गट.

या गटाचा एक नियम फार शहाणपणाचा आहे. इथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही हात वर करून मोजलेल्या बहुमताने नाही, तर सर्वसहमतीने. वरवर पाहता हा वेळकाढूपणा वाटेल. पण जिथे हार-जीत ठरणार नसते तिथे माणसाला आपलं मत बदलणं सोपं जातं. ‘मला हे कळलं नाही, पुन्हा सांगा’ असं चारचौघांत म्हणता येतं. विद्यापीठाच्या चर्चासत्रांत हे वाक्य कितीदा ऐकू येतं, हे तिथल्या प्राध्यापकांनीच सांगावं.

विषय अगदी रोजचे. उदाहरणार्थ, मध. पोळं उतरवायचं म्हणजे धूर करायचा, माश्या मारायच्या आणि अख्खं पोळं कापून आणायचं, ही जुनी रीत. गटाने माश्यांचं वागणं समजून घेतलं. पोळ्यात मध एका भागात असतो आणि अळ्या दुसऱ्या. फक्त मधाचा भाग कापला तर वसाहत जगते आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, पण शिकलेलं लगेच झाडावर चढून तपासता येतं.

दुसरा विषय कायदा. २००६ साली वनहक्क कायदा आला आणि २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. बांबू मात्र विकता येईना. वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात, आणि १९२७च्या भारतीय वन कायद्यानुसार बांबू म्हणजे झाड! गावाचं म्हणणं वेगळं होतं. वनहक्क कायद्यातली गौण वनोपजाची व्याख्या काढून बघा, तिथे बांबू स्वच्छ लिहिलेला आहे. वनस्पतिशास्त्रात तर तो गवताच्याच कुळातला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. १९२७च्या कायद्यातली ती व्याख्या बदलायला २०१७ उजाडलं. गाव सरकारच्या सहा वर्षं पुढे होतं, कारण त्याने कायद्याचं व्याख्यांचं पान वाचलं होतं. ते पान बहुतेक पदवीधर उलटून पुढे जातात.

याच जिल्ह्यात पदवीवाल्यांनाही पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून शिकून आले आणि १९८६ साली गडचिरोलीत त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू झालं. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे ओळखायचं तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. गावातल्या अनेक दायांना तेवढे आकडे मोजता येत नव्हते. मग मण्यांचं साधन तयार झालं: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, मिनिटासाठी वाळूचं घड्याळ. मिनिट संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळ आजारी. पुढे गावातल्या बायकांनाच नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं गेलं. ३९ गावांतल्या त्या कामाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि जग शिकायला गडचिरोलीला आलं.

आपल्याकडे नेतृत्वाच्या कार्यशाळांचं पीक जोरात आहे. दोन दिवसांत सभाधीटपणा, देहबोली, माईक कसा धरायचा. ते वाईट नाही. पण माईक हातात आल्यावर सांगायचं काय, याचा तास त्यात नसतो. मेंढ्यात बोलणाऱ्याला आधी अभ्यास करून यावं लागतं, आणि आपलं म्हणणं सगळ्यांसमोर पटवून द्यावं लागतं. यातून घडणारा पुढारी दिसायला सामान्य असतो, पण त्याला फसवणं अवघड असतं.

ही पद्धत संथ आहे, हे खरंच. एकाला पटलं नाही की विषय पुढच्या बैठकीला जातो. ज्यांना झटपट निकाल हवा त्यांची इथे चिडचिड होईल. मेंढ्याचा सगळा प्रवास वाचायचा असेल तर मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ जरूर वाचा.

पदवी घेऊन तुम्ही आता नोकरीच्या गावी जाल, काही जण आपल्या गावी परत जाल. तिथे चार-पाच जणांचा अभ्यास गट काढा. विषय एकच घ्या, नळाला पाणी एक दिवसाआड का येतं इतका साधा चालेल. नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प माहितीच्या अधिकारात मागवा आणि ओळ न् ओळ वाचा. कळलं नाही तर विचारा. आणि तुमच्या गावची पुढची ग्रामसभा कधी आहे ते शोधून काढा, आणि त्या दिवशी तिथे जाऊन बसा.