भाऊचा धक्का ते मोरा : लाँचसेवेचे भवितव्य



मुंबईच्या हार्बर रेल्वेमार्गावरील रे रोड हे स्थानक बाहेरगावच्या माणसाच्या फारसे स्मरणात राहत नाही. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या परिसराला मिळाले. १९१० साली कुर्ल्याहून निघालेली लोहमार्गाची ही शाखा प्रथम येथेच येऊन थांबत असे. पुढे १९२५ साली ती बोरीबंदरापर्यंत पोहोचली आणि त्याच वर्षी तिच्यावर विजेची गाडी धावू लागली. स्थानकाबाहेर पडून पूर्वेकडे वळले की जी ठिकाणे लागतात, त्यांची नावेच त्यांचा इतिहास सांगतात : लकडी बंदर, कोळसा बंदर, दारूखाना. यांतील दारू ही तोफांची. पुढील काळात दारूखान्याची ओळख जुनी जहाजे मोडण्याचे ठिकाण अशी झाली. येथून किनाऱ्याने दक्षिणेस, डॉकयार्ड रोडच्या बाजूला गेले म्हणजे माझगावच्या हद्दीत भाऊचा धक्का लागतो. एका बाजूस मासळीचे ट्रॉलर, बर्फाच्या लाद्या आणि लिलावाचा गलका, तर दुसऱ्या बाजूस रायगड जिल्ह्याकडे जाणाऱ्या प्रवाशांची लगबग, असे या धक्क्याचे दुहेरी स्वरूप आहे. यांपैकी दुसऱ्या बाजूचे, म्हणजे मोरा आणि रेवस येथे जाणाऱ्या लाँचसेवेचे, पुढे काय होणार हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या धक्क्याचा आरंभच प्रवाशांच्या हालांतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणातून मुंबईस येणारा उतारू होडीतून चिखलात उतरे, किंवा हमालाच्या खांद्यावर बसून कोरड्या जमिनीवर येई. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य या पाठारे प्रभू गृहस्थांनी ही अडचण ओळखून १८४१ साली धक्का उभारला. त्यांना लोक भाऊ म्हणत, कॅप्टन रसेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या संबंधामुळे ‘भाऊ रसूल’ असेही म्हणत. मूळ धक्का आजच्या जागी नव्हता. शहराने समुद्र मागे हटवला, १८८० साली प्रिन्सेस डॉक झाले, एकामागून एक गोद्या उभ्या राहिल्या आणि प्रवासी धक्का उत्तरेकडे सरकत गेला. जागा बदलली तरी लोकांनी भाऊंचे नाव नव्या जागी बरोबर नेले. सरकारी कागदोपत्री ‘न्यू फेरी व्हार्फ’ असा उल्लेख असला, तरी टॅक्सीवाल्याला तो सांगून उपयोग होत नाही.

या जलमार्गाने आनंदाचे प्रसंग पाहिले, तसे दुःखाचेही पाहिले. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ बुडाली व सहाशेहून अधिक लोकांचे प्राण गेले. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असताना गिरणगावातील आणि अलिबाग तालुक्यातील कित्येक घरांवर ही कुऱ्हाड कोसळली. सणासाठी गावी निघालेली ती साधी कष्टकरी माणसे होती. पुढे रत्नागिरी-गोव्याकडे जाणारी कोकण बोटही १९८०च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली. त्या बोटीच्या आठवणी कोकणी घराघरांत निघतात, परंतु ती बंद पडताना तिच्या बाजूने उभे राहणारे कोणी नव्हते, हेही तितकेच खरे. रस्त्यावरची एस.टी. तोवर घरापर्यंत पोहोचली होती.

मोऱ्याच्या लाँचवर आज तीच वेळ आली आहे काय ?

उरण तालुका मुंबईच्या अगदी समोर. स्वच्छ हवेत दोन्ही किनारे एकमेकांना दिसतात. लाँचने हा प्रवास साधारण तासाभराचा. जमिनीवरून मात्र ठाण्याच्या खाडीला वळसा घालून जावे लागे. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला तेव्हा हा वळसा कमी झाला, तथापि गोदीत, गिरणीत किंवा कचेरीत कामाला जाणाऱ्या उरणकराचा आणि मासळीची टोपली घेऊन निघणाऱ्या कोळीण भगिनीचा जवळचा रस्ता मोऱ्याचाच राहिला. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि तालुक्याचा चेहरामोहरा बदलला. तरीही लाँच चालू राहिली.

खरा बदल एकाच दिवशी झाला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा या अटल सेतूचे उद्घाटन झाले. एकूण लांबी सुमारे २१.८ किलोमीटर, त्यातील सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर. त्याच दिवशी, २०१८ पासून खारकोपरपर्यंतच धावणारी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली. उरणकराला आता नेरूळ किंवा बेलापूर येथे गाडी बदलून हार्बर मार्गाने थेट रे रोड, डॉकयार्ड रोड गाठता येते. ज्या शाखेवर उतरून तो पूर्वी धक्क्याकडे चालत जाई, तीच शाखा आता त्याला धक्क्याला वळसा घालून घरी नेते. तिकिटाच्या दरात लाँच रेल्वेची बरोबरी करू शकत नाही, आणि पावसाळ्यात तर लाँचचे भाडे आणखी वाढते. अशा स्थितीत पासधारक प्रवासी रेल्वेकडे वळला, यात नवल ते काय ?

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अटल सेतूवर दुचाकीला व रिक्षाला प्रवेश नाही. मोटारीला एका खेपेचा पथकर उद्घाटनाच्या वेळी २५० रुपये ठरवण्यात आला. पूल मोटारवाल्यासाठी उत्तम आहे, बसने जाणाऱ्यालाही सोयीचा आहे. परंतु माझगाव, मशीद बंदर, क्रॉफर्ड मार्केट या पट्ट्यात ज्याचे काम आहे आणि ज्याचे घर मोरा, करंजा या किनाऱ्यावरील वस्त्यांत आहे, त्याला शिवडीचा पूल किंवा नेरूळचा फलाट आपोआप जवळचा होत नाही. टोपली डोक्यावर घेऊन दोन ठिकाणी गाडी बदलणे हे कोणी करून पाहावे, म्हणजे कळेल. अशा प्रवाशांची संख्या मोठी नसेलही, परंतु त्यांना दुसरी वाट सोयीची नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. मोऱ्याच्या लाँचचे दुखणे पूल होण्याच्या कितीतरी आधीचे आहे, आणि ते म्हणजे गाळ. मोऱ्याचा किनारा उथळ आहे. ओहोटीच्या वेळी धक्क्यालगत पाणी इतके उतरते की लाँच लागू शकत नाही आणि फेऱ्या थांबवाव्या लागतात. वेळापत्रक छापील असते, समुद्राचे वेळापत्रक मात्र रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोळी बांधव याचा हिशेब तोंडी करतात : तिथीचा आकडा पाऊणने गुणला की मुंबईच्या पाण्यात भरती कोणत्या सुमारास पूर्ण होईल ते निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.

हाच हिशेब अमावास्येला आणि पौर्णिमेला लावून पाहावा. भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. शिवाय हे दिवस उधाणाचे. भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील अंतर दीड-दोन मीटरवर येते, तर मोठ्या उधाणाला ते साडेचार मीटरच्याही वर जाऊ शकते. याचा अर्थ असा, की पाणी ज्या दिवशी सर्वांत खाली जाते, त्या दिवशी ते नेमके कामावर जाण्याच्या आणि कामावरून परतण्याच्या वेळेला खाली जाते. महिन्यातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस, संध्याकाळी धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला लाँच मिळेल याची शाश्वती नसते. नोकरदार माणूस महिन्यातील चार-सहा दिवसांच्या अशाश्वतीवर आपला रोजचा प्रवास उभारत नाही. तो लाँच सोडतो तो बहुधा याच कारणाने, आणि मग त्याची नोंद ‘पुलामुळे प्रवासी घटले’ अशी होते.

लाँच नको, मोठी बोट हवी, असाही एक विचार आहे व त्यात तथ्य आहे. १५ मार्च २०२० रोजी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सेवा सुरू झाली. मोटारी थेट आत चढवता येतील अशी ही बोट. टाळेबंदीमुळे ती लगेच थांबली, त्याच वर्षी पुन्हा चालू झाली आणि चांगली रुळली. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लहान बोटी पावसाळ्यात बंद असतात, रो-रो त्या काळातही चालते. दाभोळ–धोपावे येथे २००३ पासून चाललेल्या फेरीबोटीने हेच दाखवून दिले होते, की वाहन बरोबर नेता आले तर लोक बोटीकडे परततात. मोऱ्यालाही रो-रोसाठी धक्का बांधण्याचे काम २०१८ च्या सुमारास हाती घेण्यात आले. ते ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाले नाही. मधल्या काळात पूल झाला, रेल्वे आली. एखादी सोय दहा वर्षे उशिरा मिळाली म्हणजे ती निम्मीच मिळते, असे उरणकर म्हणाले तर त्यांना दोष देता येणार नाही.

कोचीच्या ‘वॉटर मेट्रो’चे उदाहरण अलीकडे वारंवार दिले जाते. एप्रिल २०२३ पासून तेथे विजेवर चालणाऱ्या वातानुकूल बोटी तरंगत्या धक्क्यांवरून सुटतात. मुंबईतही तशी सेवा करण्याच्या दृष्टीने कोची मेट्रोच्या मदतीने अभ्यास हाती घेण्यात आला. उदाहरण स्तुत्य आहे, परंतु कोचीच्या बंदरात भरती-ओहोटीचे अंतर जेमतेम मीटरभर असते. मुंबईत ते त्याच्या चौपट होते. तेथला धक्का जसाच्या तसा मोऱ्याला आणून ठेवला तर ओहोटीला तो चिखलावर बसेल. गाळ उपसण्याची कायमची व्यवस्था आणि पाण्याबरोबर वर-खाली होणारा लांब उतार, या दोन गोष्टी आधी झाल्या पाहिजेत. बोट नंतर.

पूल झाल्यावर बोटीची गरजच काय, या प्रश्नाला गोव्याने फार महागडे उत्तर दिले आहे. पणजीजवळ मांडवीवरील नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. नवा पूल खुला व्हायला १९९२ साल उजाडले. मधल्या काळात नदीपार जाण्यासाठी फेरीबोटींचाच मोठा आधार होता. गोव्यात नदी परिवहन खाते, त्याच्या बोटी आणि त्या चालविणारी माणसे अस्तित्वात होती, म्हणून हे जमले. सेवा एकदा मोडीत काढली की तांडेल, खलाशी, यंत्रचालक पांगतात आणि प्रसंग आल्यावर त्यांना जाहिरात देऊन गोळा करता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये स्टेटन आयलंडला जोडणारा मोठा पूल १९६४ साली झाला, परंतु तेथली फेरी नगर प्रशासनाने चालू ठेवली व १९९७ पासून तिचे भाडेही माफ केले. तो पूल ब्रुकलिनला जातो, लोकांचे काम मॅनहॅटनला असते. शिवडी आणि माझगाव यांचेही काहीसे तसेच आहे.

सुरक्षिततेचा भाग यातून वगळता येत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून डझनाहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर जीवरक्षक जाकिटांची सक्ती काटेकोर झाली. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने नोंदणी, तपासणी आणि कर्मचाऱ्यांची पात्रता यांचे नियम नव्याने घालून दिले आहेत. नियम योग्यच आहेत. मात्र प्रवासी घटत असलेल्या लाँचमालकाने नवी बोट कशाच्या भरवशावर घ्यावी, याचा विचार नियम करणाऱ्यानेच करायला हवा. एस.टी. तोट्याच्या मार्गावर चालवली जाते, कारण ती लोकांची गरज मानली गेली. पाण्यावरच्या मार्गाला हे माप आजवर लावले गेलेले नाही.

जबाबदारीची वाटणीही पाहण्यासारखी आहे. भाऊचा धक्का मुंबई बंदर प्राधिकरणाच्या अखत्यारीत, मोरा व रेवस महाराष्ट्र सागरी मंडळाच्या, लाँच तिच्या मालकाच्या आणि धक्क्यावरून गावात नेणारी बस आणखी कोणाच्या. प्रवासी मात्र एकच असतो. उधाणाच्या संध्याकाळी फेरी रद्द झाली, तर ती किती वेळा आणि किती माणसांसाठी रद्द झाली याची एकत्र नोंद कोठे तरी व्हायला हवी. हे काम खर्चाचे नाही. किनाऱ्यावरील ग्रामपंचायती व नगरपरिषद यांनी एका महिन्याची, दोन्ही उधाणे धरून, अशी मोजणी केली तर गाळ उपसण्याच्या मागणीला आकड्यांचे पाठबळ मिळेल. माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षकांना तर भरती-ओहोटीचा पाठ शिकविण्यास याहून चांगले साधन नाही : पंचांग, घड्याळ आणि मोऱ्याचा धक्का.

रेवसची स्थिती थोडी निराळी आहे. तेथे करंजा–रेवस पुलाचा प्रश्न आहे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० च्या सुमारास, मांडली गेलेली ही कल्पना रेवस–रेड्डी सागरी महामार्गाच्या निमित्ताने पुन्हा पुढे आली आहे. तो पूल झाला म्हणजे रेवसच्या लाँचपुढेही मोऱ्याच्या लाँचसारखाच प्रसंग उभा राहील. दुसरीकडे, भाऊच्या धक्क्यावरून जयगड आणि विजयदुर्गपर्यंत रो-रो नेण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. म्हणजे धक्क्याचे भवितव्य उजळ दिसते आहे. प्रश्न आहे तो तेथून सुटणाऱ्या सर्वांत लहान बोटीचा.

पावसाळा सरला की गाळाचे नवे थर दिसू लागतात, आणि लगोलग कोजागिरी येते. त्या संध्याकाळी सहाच्या सुमारास मोऱ्याच्या धक्क्यापाशी पाणी तळाला गेलेले असेल, हे पंचांग पाहून आजच सांगता येते. माझगावहून सुटलेल्या लाँचला तेथे लागण्यापुरते पाणी उरेल की नाही, हे पंचांगात सापडणार नाही. ते तोवर किती गाळ उपसला जातो त्यावर ठरेल.