वाट पाहणारा वाचक



'आधी तुझी खरी आवड कोणती ते शोधून काढ, मग तिच्या मागे लाग,' हा सल्ला हल्ली दहावीच्या निकालापासून निवृत्तीच्या निरोप समारंभापर्यंत कुठेही ऐकू येतो. ज्याला लिहावंसं वाटतं त्याला तर तो हमखास मिळतो. या सल्ल्यात एक गृहीत दडलेलं आहे. आवड आपल्या आत आधीपासूनच घडून तयार असते, आपण फक्त ती हुडकायची, आणि ती एकदा हाती लागली की पुढचं सगळं आपोआप होतं, असं ते गृहीत. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेग वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच गृहीत तपासलं. त्यांचं संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना आधी कृष्णविवरांवरची एक सोपी, रंजक चित्रफीत दाखवली. ती बहुतेकांना आवडली. मग त्याच विषयावरचा एक अवघड शास्त्रीय लेख वाचायला दिला. लेख जड जाताच, आवड ही उपजत आणि ठरलेली असते असं मानणाऱ्यांचा उत्साह जास्त ओसरला. आवड वाढवत न्यावी लागते असं मानणारे त्यामानाने टिकून राहिले. अवघड गेलं म्हणजे ही आपली खरी आवड नव्हेच, असा निष्कर्ष पहिल्या गटातली माणसं चटकन काढतात. लेखनाच्या बाबतीत हा निष्कर्ष फार महागात पडतो, कारण लेखन अवघड जातंच. पहिलं प्रकरण सुचतं, हौसेने लिहून होतं, चौथ्या प्रकरणाशी गाडी अडते. या चौथ्या प्रकरणाशी माणसाला कोण टिकवून धरतं, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे. माझ्या मते त्याला टिकवून धरतो तो पाचव्या प्रकरणाची वाट पाहणारा कुणीतरी. आणि असा कुणीतरी मिळण्याची सोय मराठीत गेल्या पाव शतकात जेवढी इंटरनेटवरच्या लिहित्या मंडळींनी केली, तेवढी दुसऱ्या कुणी केलेली नाही.

हा इतिहास आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी १९९६ मध्ये 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा संगणकावर देवनागरी उमटवणं हीच मोठी खटपट होती. लोक रोमन लिपीत मराठी लिहीत. पुढे वेगवेगळे फाँट आले, पण एकाच्या संगणकावरचं लेखन दुसऱ्याच्या संगणकावर चौकटी आणि प्रश्नचिन्हं होऊन उमटे. युनिकोड रुळल्यावर हा त्रास संपला. मग 'मनोगत' आलं, २००७ मध्ये 'मिसळपाव', २०११ मध्ये 'ऐसी अक्षरे'. फोनवर मराठी टंकणं सोपं झालं आणि 'प्रतिलिपी'सारख्या लेखनाच्या ॲपवर तालुक्याच्या गावातून कथा येऊ लागल्या. या ठिकाणी होतं काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे. कुणी एक दीर्घकथा लिहायला घेतो आणि पहिला भाग 'क्रमशः' म्हणून टाकतो. तासाभरात खाली प्रतिसाद येऊ लागतात. पहिले दोनतीन 'मस्त', 'पुभाप्र', म्हणजे पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत, एवढेच असतात. नवीन माणूस असेल तर 'पुलेशु', पुढील लेखनास शुभेच्छा. मग एखादा खरा वाचक येतो. तो म्हणतो, तिसऱ्या परिच्छेदात दिवेलागण झाली आहे, मग पाचव्यात अंगणात ऊन कसं? दुसरी कुणी म्हणते, खानदेशातली आजी असं बोलणार नाही, आमच्याकडे अमुक म्हणतात. तिसरा म्हणतो, शेवट मला दुसऱ्याच भागात कळला. हे सगळं कथा लिहिणं चालू असताना, पुढचा भाग अजून कच्चा असताना होतं. एरवी दिवाळी अंकासाठी उन्हाळ्यात पाठवलेली कथा दिवाळीत छापून येते, आणि वाचकाचं पत्र आलंच तर तोवर लेखकाच्या मनातून ती कथा उतरून गेलेली असते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, लेखन ही एकांताची गोष्ट आहे, चारचौघांत बसून कधी साहित्य होत नाही. लिहिताना माणूस एकटा असतो हे खरंच. पण लिहिणारा घडतो तेव्हाही तो एकटाच असतो, याला आपल्याच वाङ्मयाच्या इतिहासात आधार सापडत नाही. पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ स्थापन झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर रानडे, मनोरमा रानडे ही मंडळी एकत्र जमून एकमेकांच्या कविता ऐकत, त्यांवर बोलत, आपसांतच संग्रह काढत. त्यांची थट्टाही भरपूर झाली, अत्र्यांनी तर त्यांची विडंबनं करून उभ्या महाराष्ट्राला हसवलं. पण कविता म्हणून दाखवायची आणि लोकांनी ती ऐकायला गर्दी करायची, ही सवय महाराष्ट्राला लावण्यात त्यांचा वाटा मोठा होता. पुढे १९५४ मध्ये मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे अनियतकालिक काढलं. चित्रे तेव्हा जेमतेम सोळाचे. त्या चक्रमुद्रित कागदांना वाचक किती असणार? पण जे होते ते नेमके हवे तेच होते. आजच्या संकेतस्थळांची वंशावळ मला या बैठकींशी आणि या चक्रमुद्रित कागदांशी जुळताना दिसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, तो संपादकाचा. छापील मासिकाला दरवाजा होता आणि दाराशी जाणता माणूस बसलेला होता, इथे दारच नाही, आला तो लेखक. 'सत्यकथे'चं उदाहरण या वेळी हटकून दिलं जातं. तिचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखितावर किती बारकाईने काम करत, एकेका कथेवर लेखकाशी किती पत्रव्यवहार करत, हे अनेक लेखकांनी लिहून ठेवलं आहे. ते सगळं खरं आहे, आणि तसा संपादक ज्याला लाभला तो भाग्यवानच. मात्र त्याच 'सत्यकथे'च्या अंकाची तरुण लेखकांनी १९६९ मध्ये होळी केली होती, हेही विसरू नये. दार कुणासाठी उघडतं आणि कुणासाठी उघडत नाही, याबद्दलचा तो राग होता. तो सर्वस्वी न्याय्य होता असं नाही, पण निराधारही नव्हता. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद पडली, आणि तिच्याइतकं बारीक काम नवोदितांवर करणारं ठिकाण त्यानंतर क्वचितच उभं राहिलं. तेव्हा आज नवशिक्यासमोरची निवड भागवत-पटवर्धन की अनोळखी प्रतिसादक अशी नाही. ती अनोळखी प्रतिसादक की कुणीच नाही अशी आहे.

शिवाय अनोळखी प्रतिसादक नेहमीच अडाणी असतो असंही नाही. अमेरिकेतले अँडी वीअर हे संगणक-प्रणाली लिहिणारे गृहस्थ. नोकरीतून काही वर्षं बाजूला होऊन त्यांनी कादंबरी लिहून पाहिली होती, पण तिला ना एजंट मिळाला ना प्रकाशक. पुढे मंगळावर एकटा अडकलेल्या अंतराळवीराची गोष्ट ते आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट टाकू लागले. नियमित वाचक होते सुमारे ३०००. त्यांत रसायनशास्त्र जाणणारे होते, तांत्रिक कामं करणारे होते, आणि ते चुका दाखवत, वीअर त्या दुरुस्त करत. वाचकांच्याच आग्रहावरून त्यांनी ती ई-पुस्तक म्हणून ९९ सेंटला विकायला ठेवली. २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशनाने 'द मार्शन' छापली आणि २०१५ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. हे यश अपवादात्मक आहे आणि त्यावरून कुणी गणित मांडू नये. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की ज्या माणसाची आधीची कादंबरी दाराशीच अडली होती, त्याला दुसरी पुरी करायला पुढच्या प्रकरणाची वाट पाहणारे वाचक उपयोगी पडले.

आता मी माझ्याच म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात बळकट पुरावा मांडतो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छानसं प्रशस्तिपत्रक मिळेल, आणि ते दिलंही. काहींना पत्रक दिलं, पण आधी सांगितलं नव्हतं. काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी पुन्हा रंग समोर ठेवले तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रात रमली. आता लेखनाच्या ॲपवर पाहा. किती जणांनी वाचलं, किती तारे मिळाले, अनुयायी किती, हे आकडे प्रत्येक कथेखाली लटकलेले असतात. लिहिणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं की हे मिळणार आहे. मग कथा कुठे वळवली की आकडा चढतो हेही त्याला कळू लागतं: सासू थोडी आणखी दुष्ट केली, नायकाचा अपघात घडवला, भाग ऐन मोक्यावर तोडला. शंभर भागांच्या मालिका अशाच फुगतात. दुसऱ्या टोकाला कंपूबाजी आहेच, आपल्या गोटातल्या माणसाने काहीही लिहिलं तरी 'जबरदस्त' आणि परक्याच्या धाग्यावर दगडफेक. आणि अर्धवट सोडलेल्या कादंबऱ्या! मराठी संकेतस्थळांवर त्यांचं एक मोठं स्मशान आहे, जिथे शेवटच्या भागाखाली आजही कुणी तरी येऊन विचारून जातं, पुढचा भाग कधी?

म्हणजे वाचकांची सोबत नेहमीच हितकर असते असं मला म्हणता येणार नाही, आणि मी म्हणतही नाही. पण त्या प्रयोगात एक बारकावा आहे. अचानक पत्रक मिळालेल्या मुलांची गोडी कमी झाली नव्हती. बिघडवलं ते बक्षिसाच्या बोलीने. तारा आणि प्रतिसाद हे दिसायला शेजारी असले तरी त्यांचं काम वेगळं आहे. 'पाच तारे' याचं लिहिणारा काहीच करू शकत नाही, फक्त आणखी मागू शकतो. 'पाचव्या परिच्छेदात ऊन कसं' याचं त्याला काहीतरी करावं लागतं, कथेकडे परत जावं लागतं, आणि परत गेल्यावरच त्याला स्वतःला नवीन काही दिसतं. गोडी वाढते ती इथे. म्हणून जिथे आकडे ठळक आणि शब्द विरळ, ती जागा नवशिक्याला घातक. जिथे माणसं दोन ओळी जास्त लिहितात, ती जागा आकड्यांनी लहान असली तरी चांगली. वाचक म्हणून आपण 'पुभाप्र'वर थांबतो तेव्हा आपलंही देणं थोडं बाकी राहतं, हे जाता जाता.

आणखी एक गोष्ट या ठिकाणांनी दिली ती टोपणनावाची मुभा. आडून लिहिणाऱ्यांमुळे चिखलफेक वाढते ही तक्रार रास्त आहे. पण १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या नावाने आलं, तेव्हा ती लेखिका कोण यावरून महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं! शिकलेल्या, अविवाहित मुलींची घुसमट स्वतःच्या नावाने मांडणं त्या टोपणनावामागच्या मालतीबाई बेडेकरांना तेव्हा सोपं नव्हतं. आज घरातल्यांना न कळता रात्री फोनवर कथा लिहिणारी सून, किंवा सहकाऱ्यांच्या चेष्टेच्या धास्तीने कविता लपवणारा कारकून, यांची अडचण फार वेगळी नाही. त्यांना आधी नाव नको असतं, आधी लिहून पाहायचं असतं. त्यातून पुढे नाव लावण्याइतका धीर येतो, कधी येत नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. ही ठिकाणं कायमची नसतात. ऑर्कुट हे समाजमाध्यम २०१४ मध्ये बंद झालं, आणि नोव्हेंबर महिन्यात पन्नास हजार शब्द लिहून काढण्याचा जो जागतिक उपक्रम १९९९ मध्ये २१ जणांनी सुरू केला होता, त्याच्या संस्थेनेही २०२५ मध्ये गाशा गुंडाळला. आपलं लेखन आपल्याकडे जपून ठेवलेलं बरं. दुसरं, कविता आपली आणि ती व्हॉट्सॲपवर निनावी किंवा भलत्याच कुणाच्या नावाने फिरते आहे, हा अनुभव आता घरोघरीचा आहे. १९५७ च्या कायद्यानुसार लिहिल्याबरोबर त्यावर लेखकाचा हक्क तयार होतो, नोंदणी करावीच लागते असं नाही. प्रत्यक्षात तो बजावणं कठीण असतं, पण तारखेसह प्रसिद्ध झालेलं लेखन हा निदान एक पुरावा असतो.

राहता राहिला तो शेवटचा, काहीसा कुत्सित प्रश्न: इतक्या वर्षांत या सगळ्यांतून मोठे लेखक किती निघाले? हा प्रश्न गायनाच्या क्लासला कुणी विचारत नाही. तिथे जाणाऱ्या शंभरांतले नव्व्याण्णव मैफल गाजवणार नाहीत हे सगळ्यांना मान्य असतं, आणि तरी त्या नव्व्याण्णवांमुळेच मैफलीला जाणता श्रोता मिळतो हेही मान्य असतं. मराठी पुस्तकांना वाचक नाहीत अशी रड आपण वर्षानुवर्षं ऐकत आहोत. एखाद्या अनोळखी माणसाच्या कथेत पाचव्या परिच्छेदातलं ऊन खटकणारा वाचक मिळतो कुठे, हे त्या रडणाऱ्यांनी एकदा जाऊन पाहावं.